फोन दुरुस्तीला नेला

मंगळवार, संध्याकाळ

कापसाची दलाली माझी. ऐन सीझनमध्ये आठ दिवस फोन वाजला नाही, म्हणून आज पारोळ्याहून जळगाव गाठलं. बारीक बटणांचा जुना फोन. अंगठ्याने घासून एक बटण पांढरं पडलंय. दुरुस्तीवाल्याने स्वतःच्या मोबाइलवरून रिंग दिली. खणखणीत वाजला!

"फोन चांगला शे आबा, काहीच बिघडेल नही." पैसेही घेतले नाहीत त्याने.

मग? जिनिंग मिलवाले आता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शेतकऱ्यांशी परस्पर भाव ठरवतात, हे मला ठाऊक नव्हतं? होतं. तरी काहीतरी बिघाड निघू दे, असं एसटीत मनात म्हणत होतोच ना मी.

घरी बायकोने विचारलं, काय झालं होतं? म्हटलं, दुरुस्त करून आणला. पांढरं बटण चाचपत बसलोय. आता तीही फोन वाजायची वाट बघतेय.