ठकूचं नाव सापडलं

रविवार, संध्याकाळ

आल्या आल्या लिहायला बसलोय. वर्षभर घराण्याची वंशावळ जुळवतोय, पण कागदावर सगळे पुरुषच. कासुर्डीत वस्ती केली ती खापरपणजोबांनी, असंच आम्ही समजत होतो. त्यांच्या आईचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. आज कोरेगावला माझ्या आजोबांच्या, आबांच्या, थोरल्या बहिणीला, कोंडाआजीला, विचारलं.

"ठकू!" आजी लगेच म्हणाली. "नवरा वाटंतच गेला, तवा पोर पाठीला बांधून मेंढरं तिनंच हाकत आनली. वस्ती तिचीच."

ठकू! इतके दिवस आजीकडं जायचं मला सुचलं कसं नाही? तिथंच वंशावळीच्या कागदावर सगळ्यांच्या वर तिचं नाव लिहिलं.

"मला वाचाया येत न्हाई. कुठं हाय ती, दाव," आजी म्हणाली.

मी तिचं बोट धरून नावावर ठेवलं. बराच वेळ तिनं ते उचललंच नाही.