जाहिदमियांचा जीन आणि आमची आफ्रीन

वडसा,
जानेवारी २००४

अजीज मेहुणे अकरमभाई यांना कमरुद्दीनचा अदबीने सलाम.

इकडे खैरियत आहे. तुमच्या बहिणीचे, जमीलाचे, गुडघे दुखतात, जीभ शाबूत आहे. तुमची शुगर कशी आहे? चंद्रपुरात थंडी आहे की कोळशाचा धूरच पांघरता? (खरं तर मेहुण्याला उर्दूत लिहावं. पण मग तुम्ही ते वाचून घ्यायला मशिदीत गेला असता आणि घरची गोष्ट मोहल्ल्यात सगळ्यांना पाठ झाली असती. आपण दोघेही जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत छड्या खाल्लेली माणसं. हेच बरं.)

तर तुम्ही आफ्रीनसाठी पाठवलेलं स्थळ येऊन गेलं. तुम्ही लिहिलं होतं, मुलगा हिरा आहे, हैदराबादला मोठ्या लॅबमध्ये मेंदूवर संशोधन करतो. हिऱ्याबद्दल मला काही कळत नाही. मी सायकलला भोंगा बांधून गावोगाव फिरलेला माणूस. आज झाडीपट्टीच्या निम्म्या नाटकांना माझा साउंड लागतो, तो या दोन कानांच्या जोरावर. पण एवढं सांगतो की मुलगी बघायला आलेला मुलगा मिठाईचा डबा घेऊन येतो. तुमचे जाहिदमियां बर्फाची पेटी घेऊन आले. जमीलाला वाटलं आइस्क्रीम आहे, तिने वाट्या काढल्या. आत रिकाम्या काचेच्या नळ्या होत्या, माणसांचं रक्त भरून न्यायला. एका फेरीत मुलगी बघायची आणि रक्तही गोळा करायचं, असा त्याचा हिशेब. माणूस काटकसरी आहे, हे कबूल करतो.

चहाबरोबर त्याने आम्हाला मेंदू समजावला. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात. निरोप आला की आतलं एक एन्झाइम जागं होतं आणि निरोप थांबला तरी काही वेळ जागंच राहतं, त्यामुळे आठवण मुरते. ते एन्झाइम कसं बनवायचं याची कृती एका जीनमध्ये लिहिलेली असते. त्याचं नाव कॅमके-टू-ए (हे नाव ठेवणाऱ्याच्या घरी पाळणा हललेला नसावा). मी म्हटलं, म्हणजे बेटा, माइकमधून बारीक आवाज आला की अँप्लिफायर तो धरून वाढवतं, तसं. तो हसला. "अंकल, इतकं सोपं नसतं ते." काही शिकलेल्या माणसांना आपली गोष्ट दुसऱ्याला कळली की फार वाईट वाटतं.

मग चूक माझीच झाली. पाहुण्याला काहीतरी सांगावं म्हणून सांगितलं की आमच्या वडशाचे कलाकार आज एका गावी राजा, उद्या दुसऱ्या गावी दुसऱ्याच नाटकात भिकारी, आणि तालीम म्हणाल तर नावाला. जाहिदमियांचा कप हातातच राहिला. म्हणाला, अंकल, या लोकांत त्या जीनचा काहीतरी खास प्रकार असणार, मला हेच लोक पाहिजेत. आफ्रीन समोर बसली होती. तिच्याकडे त्याने तोपर्यंत बिस्किटाच्या बशीइतकंच पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याला एका कंपनीच्या तालमीत नेलं. परीक्षा अशी होती की तो एक छोटी गोष्ट वाचून दाखवणार आणि मग एकेकाला बोलावून प्रश्न विचारणार. गोष्ट पुण्याची. सदानंद नावाचे गृहस्थ हिरवी छत्री घेऊन टपाल कचेरीत गेले, वाटेत मामेबहीण भेटली, तिने पेरू दिले, असलं काहीतरी. (अशा नाटकाला आमच्याकडे पहिल्याच अंकात खुर्च्या फेकतात.) परवानगीसाठी गोष्टीच्या कागदाची एक नक्कल त्याने मालकाच्या हातात दिली. आता तुम्हीच सांगा, नाटक कंपनीत लिहिलेला कागद आला की तो कोणाकडे जातो? मालकाने तो न बघता दसरूकडे दिला. दसरू हा प्रॉम्प्टर. कागद मिळाला की राजवाड्याच्या पडद्यामागे जाऊन बसायचं आणि कलाकार अडला की ओळ द्यायची, जन्मभर त्याने हेच केलं. तो नेमाने जाऊन बसला. कोणाच्या मनात फसवणूक नव्हती. प्रॉम्प्टर असताना स्वतः आठवत बसणं हा आमच्याकडे आगाऊपणा समजतात.

पहिला आला लटारू, कंपनीचा खलनायक. छत्री कोणत्या रंगाची? लटारू छताकडे बघत राहिला. पडद्यामागून दसरू म्हणाला, "हिरवी." लटारूने मिशीवर हात फिरवून, जणू छत्रीचा खूनच करायचा आहे अशा आवाजात सांगितलं, "हिरवी." मी दाराशी उभा राहून दसरूचा शब्द न शब्द ऐकला. जाहिदमियां पडद्यापासून दोन हातांवर बसले होते आणि भराभर लिहून घेत होते. मग रंभा आली, नायिका. तिने बरोबर उत्तरं दिलीच, वर डोळ्यांत पाणी आणून विचारलं, "पण साहेब, ते मामेबहीण बिचारी एकटीच काऊन फिरून राह्यली होती?" साहेबांनी तेही लिहून घेतलं. सगळी कंपनी पैकीच्या पैकी. असे आकडे जगात कुठे मिळाले नाहीत म्हणे. मिळतील कसे, जगात दसरू एकच आहे. मग रक्त काढायला दवाखान्यातला माणूस आला आणि रोज स्टेजवर तलवारीने मुडदे पाडणारा लटारू सुई बघून आडवा झाला. तेवढी एक गोष्ट त्याने कोणी न सांगता केली.

तुम्ही विचाराल, कमरूभाई, तुम्ही बोलला का नाहीत? मी तोंड उघडलं होतं. त्याने हाताने थांबवलं. "अंकल, प्लीज, डिस्टर्ब नका करू." नाही केलं. घरी येऊन मायलेकींना मात्र सगळं सांगितलं.

इथवर मी हसत होतो. आता जे लिहितो त्यावर हसू येत नाही. संध्याकाळी त्याने तीच गोष्ट घरी आफ्रीनला वाचून दाखवली. मुलगी बघायची त्याची ही रीत. गृहस्थाचं नाव? आठवत नाही. छत्रीचा रंग? काळी असेल, नाहीतर निळी. मामेबहिणीने काय दिलं? "कोणती मामेबहीण?" आमची बारावीला तालुक्यात गाजलेली पोरगी. जाहिदमियांचा चेहरा पडला. मला बाजूला घेऊन म्हणाला, अंकल, मुलीत तो जीन कमजोर असू शकतो, पुढे मुलांतही येईल. आईकडूनही आला असेल. तिकडच्या लोकांची माहिती काढावी लागेल, तोपर्यंत मंगनी थांबवू. माझ्या घरी बसून, माझ्या बायकोच्या हातची बिर्याणी खाऊन, माझ्या मुलीच्या डोक्यात खोट काढली, आणि वर विचारतो की रायता आहे का.

अकरमभाई, हे स्थळ तुम्ही आणलं. तुम्हीच त्या घरी जाऊन जाब विचारा. आपल्या आफ्रीनचं नाव असं खराब व्हायला नको. तिची परत परीक्षा घ्यायला लावा आणि तुमच्या हिऱ्याला माफी मागायला लावा. माझं म्हणणं एवढंच.

आपला,
कमरुद्दीन

ता.क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, म्हणून परत लिहितो. आफ्रीन लसूण सोलत आईला सदानंदाची गोष्ट सांगत होती. अख्खी. छत्री, टपाल कचेरी, पेरू, सगळं ओळीने, जाहिदमियांच्या आवाजात, तो जिथे खाकरला तिथे खाकरून. माझी बायको हसून भिंतीला टेकली होती. मग तिने विचारलं, "मग त्याले काऊन नाई सांगितलं?" पोरगी म्हणाली, "अम्मी, ज्याले दोन हातांवरचा दसरूकाका आयकू नाई आला, त्याले मी जन्मभर कशी आयकू येईन?" मी बाहेर पायरीवर बसून राहिलो.

ता.क. २. तेव्हा वर लिहिलेलं सगळं रद्द समजा. जाब विचारायला जाऊ नका. परत परीक्षा तर अजिबात नको, पोरगी पास होईल. त्या घरचे लोक बड्या इज्जतीचे, आपण नकार दिला तर तुमच्या दुकानाचं गिऱ्हाईक तोडतील. नकार त्यांच्याकडून यायला हवा. जाहिद जाताना सांगून गेला की त्याचे वालिद येत्या शुक्रवारी नमाजानंतर तुमच्याकडे येणार आहेत, मुलीच्या मामाची स्मरणशक्ती तपासायला. माझी विनंती अशी की त्यांना पाहून तुम्ही आधी ओळखू नका. मग ओळखा, पण दुसऱ्याच नावाने. चहा मागवा, आणि आला की कोणी मागवला म्हणून विचारा. जमलं तर भाभींनाही एकदा विचारा की या बाई कोण. खानदानाची थोडी बदनामी होईल, पण भाचीसाठी एवढं कराच.

ता.क. ३. जमीलाने हे वाचलं. ती म्हणते, भाईजानला नाटक जमायचं नाही. त्यांना शुक्रवारचं कळवायलाच नको होतं, नेहमीसारखे वागले असते तरी काम झालं असतं. पण मी तर लिहून बसलो. तेवढं विसरा.