रिकामी झारी

प्रिय गौतमी,

तू पुण्याला गेल्यावर तुझ्या जेडच्या रोपाला मी जयपूरच्या उन्हाच्या भीतीने रोज दोन वेळा पाणी घातलं. मुळं कुजली. नर्सरीतल्या भैयाने कुंडी उलटी करून दाखवली. “मॅडमजी, धूप से नहीं, आपके प्यार से सड़ा है.”

एकच फांदी वाचली. तिचं कापलेलं टोक सुकेपर्यंत माती नाही, पाणी नाही. कामगारांच्या सभा गाजवणारी मी आठ दिवस तिच्यासमोर गप्प बसले आहे.

वकिली सोडून चित्रं काढायची आहेत, एवढंच तू जेवताना म्हणालीस आणि मी पाऊण तास बोलले. “आई, हे घर आहे, सभा नाही,” म्हणत तू बॅग उचललीस. आपल्या माणसांना वकील हवेत, हे माझं मत आजही कायम आहे. पण आता तू विचारलंस तरच सांगेन.

काल दुपारी फांदीकडे बघताना डोळा लागला. स्वप्नात तू मातीत पावलं रोवून उभी होतीस, केसांत ऊन होतं, आणि मी लांब उभी, हातात रिकामी झारी.

हे पत्र पाठवणार नाही. तेही पाणीच झालं असतं. तुझा फोन आला की मी फक्त “बोल” म्हणेन.

तुझी आई,
रत्नमाला