आर्विडच्या मागच्या भिंतीवरचा पाइप

फीनिक्स, १२ नोव्हेंबर

बाबांना करिनचा नमस्कार.

मी इथे मजेत आहे, पण तुमचा फार राग आलाय.

तिकडे मिनेसोटात तळी गोठली, आई हातमोजे घालून बटाटे सोलते, तरी तुम्ही घर तापवणारी तळघरातली गॅसची भट्टी पेटवत नाही. का, तर शेजारच्या आर्विडशी पैज, जो आधी पेटवेल तो हरला. सत्तरी उलटली तरी खोड जात नाही. खोकला कसा आहे? खरं सांगा.

काल आर्विडच्या सुनेचा फोन आला होता. त्याची भट्टी सप्टेंबरपासून चालू आहे. तुम्ही येताना दिसलात की म्हातारा घाईघाईने कोट चढवून बाहेर येतो. विश्वास नसेल तर त्याच्या घराच्या मागच्या भिंतीवरचा भट्टीचा पाइप बघा, वाफ दिसेल.

जाब विचारायला जाल तेव्हा आईलाही न्या. तिथे ऊब आहे.

तुमचीच, चिडलेली
करिन