बिनदोरीची विंच

मंगळवार, संध्याकाळी

सासुरवाडीले आज पुरती शोभा झाली. चिखलात फसली तर जीप स्वतःच स्वतःले ओढून काढेल, म्हणून समोर विंच, म्हणजे मोटरीवर फिरणारा रहाट, बसवली. दसऱ्याले तिले हारही घातला. पण तिच्यावर स्टीलची केबल गुंडाळायची की सिंथेटिक दोरी, हेच माझं ठरेना. केबल गंजते, तुटली तर टाळकं फोडते. दोरी हलकी, पण नागपूरच्या उन्हात टिकते काय? या विचारात विंच रिकामीच राहिली, अन् आज जीप ओलिताच्या वावरात रुतली.

साळ्यानं म्हशीचा हिरवा नायलॉनचा दोर सोडून आणला अन् ट्रॅक्टरनं जीप ओढली. वरून विचारते, "भाऊजी, समोर हे काय बसवलं जी?"

माझ्या आधी बायकोच बोलली, "शोभेचं आहे."

तेवढा वेळ म्हैस मोकळी होती. समोर हिरवागार चारा, पण ते मलेच पाहून राहिली होती. काहून?

तिचा दोर मात्र बारा महिने उन्हात असते. टिकला ना! म्हणजे ठरलं, उद्या दोरीच घेतो. फक्त हिरवी नको, हिरवी म्हशीची आहे. केशरी बरी दिसेल की निळी? बायकोले विचारू काय?

नको.