आप्पांची गाडी चालू होत नाही

८ मार्च, रविवार

अण्णाने आप्पांची गाडी विकायचं ठरवलं. मला सांगितलं ते जेवताना, आमटी वाढून घेत. इंदिरानगरात कुणी एक जण कॅफे काढतोय, त्याला जुनी मोटरसायकल भिंतीवर टांगायची आहे. खाली टेबलं, वर आप्पांची गाडी. लोक कॉफी पिणार, फोटो काढणार.

मी म्हटलं, ती गाडी आहे, शिकार करून आणलेलं हरीण नाही. तो म्हणाला, आप्पा गेल्यापासून दोन वर्षं बोळात उभी आहे, जाता-येता वैनीला लागते, पाडव्याआधी बोळ मोकळा पाहिजे. बंद पडलेल्या वस्तूची एवढी माया असेल तर वर तुझ्या खोलीत नेऊन ठेव.

घर दोघांचं. खाली तो आणि वैनी, वर मी एकटा. जेवण खाली, एकत्र. वडिलांची गाडी मात्र त्याच्या नावावर, कारण थोरला मुलगा तो. थोरला असण्याचं त्याचं सगळंच असं नावावर करून घेतलेलं.

विचारलं, चालू झाली तर?

तो हसला. "पुढच्या रविवारी तो माणूस टेम्पो घेऊन येतोय. त्याच्याआधी माझ्यासमोर चालू करून दाखव. मग नाही विकत. सरी?"

मीही इथल्या कन्नडातच सरी म्हटलं, ठीक आहे. ताक न घेता वर आलो.

९ मार्च, सोमवार

दिवसभर गावाबाहेरच्या कंपन्यांच्या यूपीएस दुरुस्त केल्या. येताना सहा व्होल्टची नवी बॅटरी आणली. मिळाली हेच नशीब.

बोळात गाडी भिंतीला चिकटून, हँडल डावीकडे पूर्ण वळवलेलं, म्हणजे माणसाला जायला जागा राहते. तशीच तिच्यावर चढलो. चावी फिरवली, हेडलाइटवरचा लाल दिवा लागला. किक मारली. काही नाही. प्लग काढून इंजिनला टेकवून पाहिला, ठिणगी नाही. म्हणजे बॅटरीतून करंट निघतो आणि मध्येच कुठेतरी मरतो. हे मला कळायला हवं, पोट त्याच्यावरच भरतं माझं. नाही कळलं.

अण्णा ऑफिसातून आला, माझे पाय ओलांडून आत गेला. जाताना, "लागलं काही?"

दिवा लागला, म्हटलं.

"मग त्या उजेडात जेव."

१० मार्च, मंगळवार

शिवाजीनगरात जुन्या गाड्यांचा एक मेकॅनिक आहे, त्याला फोनवरचे फोटो दाखवले. नीट पाहिलेही नाहीत. सगळं वायरिंग बदला म्हणाला, पंधरा दिवस गाडी इथे ठेवा. रविवार म्हटल्यावर कारण विचारलं. मी मूर्खासारखं सांगितलं. तो हिंदीत म्हणाला, मग भिंतीवरच बरी दिसेल. त्याच्याशी भांडलो. भर दुकानात, लोक बघत होते. मग त्याच्याच शेजारच्या दुकानातून ठिणगी पाडणारा पॉइंटचा सेट आणि कंडेन्सर घेतला. तो दुकानदारही हसत होता बहुतेक.

११ मार्च, बुधवार

रजा टाकली. अण्णा गेल्यावर गाडी ढकलत मागच्या अंगणात काढली. बोळात वाकताच येत नाही.

पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला, प्लग घासला. किक मारली तर ठिणगी! निळी, जाड. नवं पेट्रोल घातलं, आणि दुपारी बाराच्या उन्हात गाडी चालू झाली. खोकत, धूर ओकत, पण चालू. वैनी पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली. नाकाला पदर लावून हसत होती. म्हणाली, मामंजी कामावर निघाले की अस्साच वास घरभर यायचा. पीठ लागलेला हात सीटवर ठेवून थोडा वेळ उभी राहिली.

मग गाडी परत बोळात, जागेवर.

संध्याकाळी अण्णाला सांगितलं. वैनीनेही सांगितलं. तो म्हणाला, "मी पाहिली नाही." उद्या सकाळी दाखवतो, म्हटलं.

१२ मार्च, गुरुवार

नाही झाली.

अण्णा बूट घालून, डबा हातात घेऊन उभा. मी बोळात किकवर किक. लाल दिवा लागतोय, इंजिनात जीव नाही. किक उलटी येऊन घोट्याला लागली. त्याने घड्याळ पाहिलं. वैनीकडे वळून विचारलं, काल तू ऐकलंस ते नक्की काय होतं, मिक्सर?

मी त्याच्या नजरेला नजर दिली नाही. दिली असती तर तिथेच काहीतरी झालं असतं.

संध्याकाळी अंगणात काढली. ठिणगी आहे! दोन-तीन किकमध्ये चालू. काल चालू, सकाळी बंद, आता चालू. पुन्हा जागेवर नेऊन ठेवली. बोळाचं दार आतून बंद असतं. खाली राहणारी माणसं दोन. वैनी हे करणार नाही.

राहिला कोण.

१३ मार्च, शुक्रवार

सकाळी पुन्हा बंद. पुन्हा तो तसाच उभा, बूट, डबा. "झालं?" म्हणाला.

मग मी बोललो. म्हटलं, वायर ओढून ठेवतोस ना तू. तो नुसता पाहत राहिला. पाहत राहिला म्हणूनच मला जास्त चढलं. म्हणालो,

"चालू असलेलं बंद करायची सवयच आहे तुला. आप्पांचं मशीनही तूच बंद करायला लावलंस."

ते मशीन म्हणजे हॉस्पिटलातलं, श्वासाचं. डॉक्टर म्हणाले होते यापुढे उपयोग नाही, नुसतं शरीर चालू ठेवतोय. मला फोन आला तेव्हा मी कामावरून निघालो होतो, रस्त्यात अडकलो होतो. अण्णा एकटा तिथे. मीच फोनवर म्हटलं होतं, तुला योग्य वाटेल ते कर, माझी वाट बघू नकोस. यावर आम्ही दोघे पुन्हा कधीही...

वैनीच्या हातातलं पातेलं खाली पडलं. अण्णाने डबा खाली ठेवला आणि तो न घेताच ऑफिसला गेला.

मला वाईट वाटलं नाही. हे लिहून ठेवतो, कारण नंतर मी म्हणेन की वाटलं होतं. दिवसभर वाटलं की बरं झालं, एकदाचं बोललो.

१४ मार्च, शनिवार

काल रात्रीचं जेवण वर आलं होतं, ताट झाकून जिन्यात ठेवलेलं. हाक नाही.

आज ठरवलं, चोर पकडायचाच. कुठली वायर तो ओढतो ते कळलं पाहिजे. गाडी अंगणात घेतली, टाकीखाली जिथे ठिणगीच्या कॉइलला करंट येतो तिथे एक लहान बल्ब लावला. चावी फिरवली. बल्ब लागला. म्हणजे आता करंट येतोय. तसाच बल्ब लावून गाडी बोळात ढकलत नेली, आणि रोजच्यासारखी भिंतीला लावून हँडल डावीकडे वळवलं.

बल्ब विझला.

सरळ केलं. लागला. वळवलं. विझला. किती वेळ मी ते करत बसलो कुणास ठाऊक.

हेडलाइटमध्ये चावीचं स्विच. तिथून निघालेली वायर हँडलच्या मानेपाशी वळून टाकीखाली कॉइलकडे जाते. वर्षानुवर्षं हँडल वळून वळून ती मानेतच तुटली आहे, वरचं रबर शाबूत, आतली तांब्याची तार तुटलेली. हँडल सरळ असलं की टोकं एकमेकांना टेकतात. डावीकडे वळलं की सुटतात. अंगणात गाडी चालू, बोळात बंद. एवढंच. कुणी काही ओढलेलं नाही. कुणी हातही लावलेला नाही.

पहिला विचार काय आला तेही लिहितो. वायर जोडून टाकू, सांगायचं नाही. अण्णावरचा आळ राहिला तर राहिला, उद्या गाडी चालू झाली की मी जिंकलो.

वैनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. बल्ब लागताना-विझताना पाहिला असणार. विचारलं, काय सापडलं?

"वायर तुटलीय."

"कुणी तोडली?"

"कुणी नाही. आपोआप."

ती म्हणाली, "हे मला सांगून काय उपयोग? त्यांना सांगा." आणि खिडकी लावून घेतली. वैनी मला अरे-तुरे करते. लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होतो. आज 'सांगा' म्हणाली.

नवी वायर घालून जोडली. डावीकडे, उजवीकडे, कशीही वळवली तरी बल्ब लागतो. अण्णा संध्याकाळी आला, टीव्हीसमोर बसला. मी दोनदा जिना उतरलो. दोनदा वर आलो.

१५ मार्च, रविवार

सकाळी बोळातच, हँडल डावीकडे ठेवूनच किक मारली. पहिल्या किकला चालू. बोळ धुराने भरला. अण्णा बनियनवर बाहेर आला, भिंतीला टेकून उभा राहिला. चेहऱ्यावर काही नाही.

तेवढ्यात टेम्पो आला. कॅफेवाला आत डोकावला, आवाज ऐकून खूश. चालू पण आहे का, म्हणाला, व्वा. अण्णाने त्याला कन्नडमध्ये सांगितलं, गाडी द्यायची नाही. तो वाद घालायला लागला, शब्द दिला होता म्हणाला. अण्णा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, शब्द यालाही दिला होता. टेम्पो गेला.

मी गाडी बंद केली. मग सांगितलं. वायर मानेत तुटली होती, तू काही केलं नव्हतंस. हे सगळं मी त्याला यूपीएसचा रिपोर्ट द्यावा तसं सांगत होतो, हाताने वायर कुठून कुठे जाते ते दाखवत.

"वायर मी तोडली नाही हे मला शुक्रवारीच माहीत होतं," तो म्हणाला. "वायरचं नको सांगू. मशीनचं बोल."

मी पुन्हा नवी वायरच चाचपली. फोनवर मी काय म्हणालो होतो ते त्याला आठवत होतं, मला आठवत होतं, आणि मला आठवतंय हेही त्याला दिसत होतं. तरी माझा हात वायरवरच राहिला.

तो थांबला. मग म्हणाला, "सरी. गाडी तुझी. जेवणाचं मात्र उद्यापासून वेगळं बघ." आणि आत गेला.

मी वर येऊन पलंगावर पडलो. जिंकल्यासारखं काही वाटेना. थोड्या वेळाने खाली किकचा आवाज. एकदा, दुसऱ्यांदा, आणि गाडी चालू. खिडकीत गेलो तोवर अण्णा गल्लीच्या तोंडाशी पोचला होता. हेल्मेट नाही, पायात घरातल्या चपला. त्याने ती गाडी शेवटची कधी चालवली, मला आठवत नाही. आप्पा त्याला देत नसत.

खाली आलो. वैनी दारात. कुठे गेला, विचारलं. माहीत नाही म्हणाली. इंदिरानगरला? माहीत नाही. फोन घरातच ठेवून गेला आहे.

दुपार उलटत आली. हे जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून लिहितोय. स्वयंपाक कधीचाच झाला आहे, वैनीने अजून कुणालाच वाढलेलं नाही.