भिंतींना टेकू लावल्याबाबत

प्रति,
माननीय दावे अधिकारी,
गृह पूरविमा विभाग,
जिल्हा कार्यालय.

विषय : पुनर्पाहणीच्या पत्राला उत्तर देणे, तसेच गल्लीतील घरांना टेकू लावल्याचे कळवणे.

संदर्भ : आपले गेल्या आठवड्यात मिळालेले पत्र. जावक क्रमांक पुसट असल्याने वाचता आला नाही.

महोदय,

ज्या वर्षी आमची थोरली नात जन्मली, त्या वर्षी माझ्या पत्नीने नदीकाठच्या आमच्या घराचा पूरविमा उतरवला. घर तिच्या नावावर आहे. विमा एजंट आमच्याच ओसरीवर चहा पीत म्हणाला होता, "काकू, पाणी उंबऱ्याला लागलं की तुम्ही फक्त कळवायचं. पुढचं आमच्यावर." नात आता कॉलेजात जाते. एवढ्या वर्षांत एकही हप्ता चुकला नाही.

मी जन्मभर पिठाची गिरणी चालवली. अक्षरे साठीनंतर शिकलो. गिरणीच्या फळीवर सांडलेल्या पिठात पत्नी बोटाने अक्षर काढायची आणि मी ते गिरवायचो. तेव्हा या अर्जात लिहिण्यात काही चुकले असेल तर ते माझे समजावे. राग मात्र चुकून आलेला नाही.

आपल्या पत्रात चार मुद्दे आहेत. त्याच क्रमाने उत्तर देतो.

१. "पूर्वीच्या पाहणी अहवालाशी विसंगत असा दावा का केला, याचा खुलासा करावा."

अहवालात 'घर स्वच्छ, कोरडे व सुस्थितीत. पुराच्या खुणा आढळल्या नाहीत' असे लिहिले आहे. खुलासा असा, की गेल्या सप्टेंबरात नदी घरात शिरली आणि पाणी स्वयंपाकाच्या ओट्यावर चढले. ओसरले तेव्हा घोट्याएवढा गाळ मागे ठेवून गेले. मग निरोप आला की आपले पाहणी करणारे साहेब येणार आहेत. पत्नी म्हणाली, "साहेब पहिल्यांदाच दारात येणार, आणि त्यांना बसायला चिखल द्यायचा?" ती आणि शेजारी राहणारी माझी विधवा भावजय, दोघींनी पदर खोचले. गाळ घमेल्याने उपसून परसात टाकला. फरशी सोडा लावून घासली. भिंतींना चुना दिला, तो पाण्याच्या रेघेवरूनही फिरला. सगळ्या गल्लीने हेच केले. पाहुणा येणार म्हटले की घर झाडायचे, एवढे आम्हाला माहीत. पाहुण्याला दाखवायला घाण राखून ठेवायची असते, हे आम्हाला ना आईबापांनी सांगितले ना आपल्या कार्यालयाने.

साहेब धुतलेल्या खुर्चीवर बसले, चहा घेतला आणि "काकू, घर छान ठेवलंय" म्हणाले. पत्नी दोन दिवस त्या शब्दांवर खूश होती. मग अहवाल आला.

आमच्या गल्लीत दावा एकाचाच मंजूर झाला, तो लोळ्याचा. हा माणूस गल्लीच्या चढावर राहतो. पाणी त्याच्या खालच्या पायरीला लागून मागे फिरले. पण त्याच्या घरात बारा महिने पूर येऊन गेल्यासारखेच असते, त्यामुळे साहेबांनी तिथे मनसोक्त फोटो काढले. लोळ्यावर माझा राग नाही. तो बिचारा स्वतःच ओशाळून भावजयीला म्हणाला, "वहिनी, मी खरंच काही केलं नाही हो." ती म्हणाली, "तेच तर! जन्मात पहिल्यांदा तुझ्या काही न करण्याचं चीज झालं." आपल्या विभागाच्या पाहणीची यापेक्षा नेमकी तपासणी मला लिहिता येणार नाही.

२. "घरात शिरलेल्या गाळाचा पुरावा सादर करावा."

एकदा केला आहे. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याखालून खरवडलेला गाळ डब्यात भरून मी स्वतः आणून दिला होता. 'सदर माती घरातीलच असल्याचे सिद्ध होत नाही' असा शेरा मारून डबा परत आला. तोच डबा पुन्हा सोबत जोडला आहे. शेऱ्याची चिठ्ठी काढलेली नाही.

३. "पुनर्पाहणी होईपर्यंत बांधकामात कोणताही फेरबदल, दुरुस्ती वा आधार देण्याचे काम केले नसल्याची हमी द्यावी."

हाच हुकूम नोव्हेंबरातही आला होता. तोवर स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीने पाणी पिऊन पोट पुढे काढले होते. गवंडी येऊन बघून गेला. "काका, दुरुस्तीचं नंतर बघू, आजच्या आज टेकू तरी लावू द्या," म्हणाला. मी लाव म्हटले. पत्नी आडवी आली. "साहेबांनी हात लावू नका असं लिहिलंय. एकदा हात लावून बसलोय ना आपण? आता काडीसुद्धा हलवायची नाही." चूक एकदा झाली होती, ती पुन्हा होऊ द्यायची नाही, एवढाच तिचा हट्ट होता.

मी पाहणीची तारीख विचारायला आपल्या कार्यालयात खेटे घातले. खिडकीतले कारकून म्हणाले, "आजोबा, क्रमाने होईल. भिंत काय पळून जातेय का?" भिंत पळून गेली नाही, एवढे मी लिहून देतो.

आपण मागितलेली हमी मी देणार नाही. भावजयीच्या मागच्या भिंतीनेही तसेच पोट काढले आहे आणि त्या खोलीत ती दोन नातवंडांना घेऊन निजते. म्हणून मी परवानगी मागत नाही, कळवतो. आज सकाळी गवंड्याने आणि मी गल्लीतल्या हललेल्या सगळ्या भिंतींना टेकू लावले. लोकांनी वासे दिले. लोळ्याने ते खांद्यावरून वाहिले. हा आपल्या नियमाने फेरबदल होतो. तो माझ्या सांगण्यावरून झाला आहे, तेव्हा दावा नामंजूर करायचा तर आमचा करावा, बाकीच्यांना यात ओढू नये. आणि टेकू काढायला कोणाला पाठवणार असाल, तर मी त्याच भिंतीखाली खुर्ची टाकून बसलेला असेन.

४. "पुनर्पाहणीच्या वेळी विमाधारकाने ओळखपत्रासह स्वतः हजर राहावे. गैरहजर राहिल्यास दावा सोडून दिल्याचे समजण्यात येईल."

ओळखपत्र सोबत जोडले आहे. विमाधारक हजर राहणार नाही. तिने दावा सोडलेला नाही, आणि तसे कोणत्याही कागदावर लिहू नये. लिहायचेच असेल तर 'घरात पाणी आले होते, घर तिने साफ केले होते' असे लिहावे. या अर्जात माझी मागणी तेवढीच आहे. पाहणीला साहेबांनी जरूर यावे. या वेळी घर झाडलेले नसेल.

स्वयंपाकघराची मागची भिंत १४ जानेवारीला सकाळी आत पडली. पत्नी चहा ठेवत होती. विमाधारक, म्हणजे माझी पत्नी, त्याच दिवशी दुपारी दवाखान्यात वारली.

कळावे,

विमाधारकाचा पती,
गिरणीवाला
(सही स्वतःची आहे, अंगठा नाही)

दिनांक : २ फेब्रुवारी

सोबत : गाळाचा डबा, शेऱ्यासह. विमाधारकाचे ओळखपत्र. मृत्यूचा दाखला.